रेडिएटरच्या जोडातून कुलंट गळतंय? पाणी ओतण्याआधी गळती शोधा

एप्रिल उजाडला की जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर गेल्याच्या बातम्या सुरू होतात. त्याच दिवसांत बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्याही दिसू लागतात. कन्नड घाटात, कोंडाईबारीच्या चढावर, पारोळ्याच्या अलीकडे एखाद्या बाभळीखाली. इंजिनातून वाफ निघतेय, कुणीतरी बिसलेरीची बाटली घेऊन उभं आहे आणि मागच्या सीटवर लेकरं घामाघूम झाली आहेत. सगळे म्हणतात, ऊनच तेवढं आहे, गाडी तरी काय करणार!

पण नुसत्या उन्हानं धडधाकट गाडी बंद पडत नाही. गाड्या याच उन्हासाठी बनवलेल्या असतात. ऊन फक्त आधीपासून चालत आलेलं दुखणं उघडं पाडतं, आणि ते दुखणं बरेचदा रेडिएटरच्या एखाद्या जोडातून महिनोन्‌महिने होत असलेली गळती हेच असतं.

हे मी स्वतः भोगलं आहे. दोन वर्षांपूर्वी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी आणायला चाळीसगावहून कन्नडकडे निघालो होतो. त्याआधीचे तीन महिने कुलंटची बाटली दर आठवड्याला थोडी खाली जायची आणि मी घरच्या बोअरचं पाणी टाकून झाकण लावायचो. घाटाच्या निम्म्यावर काटा लालकडे सरकला. तासभर थांबून, गाडी परत फिरवून, उतारानं हळूहळू चाळीसगावला आणली. गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी पाण्याची कॅन माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, "भाऊ, पहिले देखा पानी कथाईन जाई ऱ्हायनं. मंग टाका." म्हणजे आधी पाणी कुठून जातंय ते बघा, मग टाका. मग टॉर्च लावून त्यांनी रेडिएटरच्या वरच्या नळीचा जोड दाखवला. क्लिपच्या खाली, नळीला धरून, गुलाबीसर पांढऱ्या पापुद्र्याची एक गोल रेघ होती. तीन महिने मी रोज बोनेट उघडत होतो आणि ती रेघ मला दिसली नव्हती.

कुलंट म्हणजे काय आणि ते फिरतं कसं

इंजिनात इंधन जळतं, त्यातली बरीचशी ताकद चाकांपर्यंत न जाता उष्णता होऊन बसते. ती बाहेर नेली नाही तर धातू फुगतो, वाकतो, इंजिन जाम होतं. म्हणून इंजिनाच्या अंगातून एक पातळ द्रव सतत फिरवतात. तोच कुलंट: साधारण अर्धं पाणी आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन, शिवाय गंज रोखणारी थोडी औषधं. लहान गाडीत हा सगळा मिळून चार-पाच लिटर असतो.

पंप त्याला ढकलतो. इंजिनातून तापून तो वरच्या जाड रबरी नळीनं रेडिएटरमध्ये येतो, जाळीतल्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्यानं निवतो आणि खालच्या नळीनं परत इंजिनात जातो. मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन पुरेसं तापेपर्यंत, म्हणजे साधारण 82 ते 90 अंशांपर्यंत, ती रेडिएटरची वाट बंद ठेवते.

आता या वाटेवर जोड किती आहेत ते बघा. वरच्या नळीची दोन टोकं, खालच्या नळीची दोन, हीटरला जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळ्या, बाटलीची नळी, खालचा ड्रेनचा कॉक, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवल्या आहेत ती शिवण. दहा-बारा जागा सहज निघतात. नळी मधोमध क्वचितच फुटते, गळती बहुतेक जोडालाच असते.

आत कुकरसारखा दाब असतो

साधं पाणी 100 अंशांना उकळतं. कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर 107 अंशांच्या आसपास. घाटात, एसी लावून, पाच माणसं बसवून एवढं पुरत नाही. म्हणून झाकणात स्प्रिंग असते. घरातल्या कुकरला शिट्टी असते तसंच. झाकण आतला दाब सुमारे एक बारपर्यंत चढू देतं आणि त्या दाबाखाली तेच मिश्रण सव्वाशे अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. तुमच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असेल, तो हाच दाब.

जोडातून गळती झाली की दाब टिकत नाही. कुकरचं रबर ढिलं झालं की शिट्टी होत नाही आणि डाळ शिजत नाही, हे प्रत्येक घरात माहीत आहे. इथेही गळती म्हणजे दुहेरी नुकसान. कुलंट कमी होतं ते वेगळंच, पण उरलेलंही लवकर उकळायला लागतं.

हा दाब जोडाला किती ओढतो याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. वरच्या नळीचं तोंड साधारण 32 मिलिमीटरचं धरा. त्याचं क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटर होतं. एक बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. म्हणजे गाडी गरम असते तेव्हा आठ किलो वजन ती नळी जोडातून खेचून काढायला बघतं. तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट, ती क्लिप.

याच कारणानं गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नये. झाकण सुटताच दाब पडतो, आतलं सव्वाशे अंशांचं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. भाजणं फार वाईट होतं. किमान तासभर थांबा. वरची नळी हातानं दाबून बघा, टणक लागली तर आत अजून दाब आहे.

मग जोड सैल का पडतो

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. लॅटरलच्या, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या नळीत जॉइनर (दोन नळ्या जोडणारा तुकडा) घालतो, त्याला कंगोरा असतो, नळी त्यावरून ताणून चढवली की धरून बसते. चार उन्हाळे गेले की त्याच ठिकाणी नळी सैल पडते आणि तिथेच चिखल होतो. नळी फाटलेली नसते, तिची आकसण्याची ताकद गेलेली असते.

रेडिएटरच्या जोडात तीन सोबती असतात आणि तिघं वेगवेगळ्या पद्धतीनं म्हातारे होतात. रबरी नळी रोज तापते आणि निवते. क्लिपखाली दबलेलं रबर हळूहळू तसंच दबलेलं राहतं, परत फुगत नाही. रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड, म्हणजे काचेचे तंतू घातलेलं नायलॉन, वर्षानुवर्षं गरम पाण्यात राहून ठिसूळ होतं, त्याला केसाएवढी चीर जाते. जिथे तोंड ॲल्युमिनियमचं असतं तिथे नळीच्या खाली खड्डे पडतात आणि वर पांढरी भुकटी धरते. तिसरी क्लिप, ती गंजते किंवा तिची पकड जाते. कित्येक नव्या गाड्यांमध्ये क्लिपऐवजी टिचकीनं बसणारे जोड असतात. त्यात आत एक रबरी कडं असतं, त्याला ओ-रिंग म्हणतात. ते कडक आणि चपटं झालं की गळती सुरू.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खानदेशात चांगलीच थंडी पडते तेव्हा गाडीखाली थेंब दिसतात, आणि गाडी दहा किलोमीटर चालली की थांबतात. मालकाला वाटतं, आपोआप बरं झालं. खरं तर थंडीत रबर आकसलं म्हणून फट पडली आणि गरम होऊन फुगलं म्हणून ती मिटली. मे महिन्यात उलट होतं. जोड पाझरतो, पण गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचायच्या आत वाळून जातो. खाली फरशी कोरडी आणि बाटली मात्र रिकामी होत जाते. त्यामुळे "खाली काही पडत नाही, म्हणजे गळती नाही" हे उन्हाळ्यात धरून चालू नका.

नेमकी जागा शोधायची कशी

गाडी रात्रभर थंड झाल्यावर, सकाळी, हातात टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. ओलं शोधू नका, डाग शोधा. कुलंट वाळला की हिरवट, गुलाबी किंवा पांढरा पापुद्रा मागे राहतो. वारा समोरून येतो, त्यामुळे डाग मागे आणि खाली पसरलेला असतो. खरी जागा बहुतेक वेळा डागाच्या सर्वांत वरच्या टोकाला असते. वास गोडसर येतो.

एवढ्यानं सापडलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. झाकणाच्या जागी हातपंप लावून, इंजिन थंड असतानाच, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. काटा उतरला की कुठूनतरी थेंब निघतोच. झाकणाचीही चाचणी याच यंत्रावर होते, ती जरूर करायला सांगा. अडकलेलं झाकण दाब सोडत नाही आणि मग नवा जोडही गळतो. दोन-दोनदा नळी बदलूनही गळती परत आली असेल तर माझा पहिला संशय झाकणावर जाईल.

जोड सगळे कोरडे आणि तरी कुलंट कमी होत असेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे. गाडीत समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं आणि गोड वास म्हणजे हीटरची जाळी गळतेय. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, बाटलीत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाच्या वरच्या भागाखालची पट्टी, गेलेली असू शकते. तिथे हा लेख तुमच्या कामाचा नाही, थेट चांगल्या मिस्त्रीकडे जा.

प्रत्यक्ष दुरुस्ती

क्लिपचा जोड असेल तर काम साधं आहे, फक्त घाई नको. इंजिन पूर्ण गार आणि चावी काढलेली हवी, कारण काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. खाली घमेलं ठेवून जोडाच्या पातळीखाली येईल इतकं कुलंट काढा. क्लिप सैल करून मागे सरकवा. आता नळी ओढू नका, आधी पिळा. डावीकडे-उजवीकडे पिळून तिची पकड सोडवा. तरी निघाली नाही तर नळीला ब्लेडनं लांबीत चीर द्या आणि नळी गेली असं समजा. पेचकस घालून उचकटायला गेलात तर प्लॅस्टिकचं तोंड तुटतं, आणि तिथे दोन-चारशेचं काम अख्ख्या रेडिएटरवर जातं.

नळी निघाली की तोंडावरून बोट फिरवा. पापुद्रा बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं काढा, मग ओल्या फडक्यानं पुसा. नखाला चीर लागते का बघा. चीर असेल तर कुठलाही चिकट पदार्थ त्यावर टिकत नाही, ती टाकी किंवा रेडिएटर बदलावाच लागतो. एम-सील लावून गाव गाठता येतं, उन्हाळा काढता येत नाही.

नळीचं टोक वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या, रबर पापडासारखं कडक किंवा ऑइल लागून मऊ पडलं असेल तर नवी घ्या. चढवताना तोंडाला थोडं कुलंट लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, हे रबर खनिज तेलानं फुगतं. ओ-रिंगचंही तसंच. दुकानात "त्याच मापाची" म्हणून पंप किंवा हायड्रॉलिकची काळी रिंग देतात, ती वेगळ्या रबराची, तेलासाठी असते. कुलंटसाठीची ईपीडीएम रबराचीच मागा. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या, म्हणून विचारूनच घ्या.

क्लिप कुठे बसवायची यावर निम्मं काम अवलंबून आहे. तोंडाच्या टोकाला एक उंच कंगोरा असतो. नळी त्याच्या पुढे पूर्ण चढली पाहिजे आणि क्लिप त्या कंगोऱ्याच्या मागे, तीन-चार मिलिमीटर सोडून बसली पाहिजे. क्लिप कंगोऱ्यावरच बसली तर एक बाजू दाबते, एक उचलते. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. आधी कुणीतरी नळी बदलली होती आणि क्लिप कंगोऱ्यावर चढवून आवळली होती. बाहेरून ती घट्टच दिसत होती.

"क्लिप अजून आवळली की झालं ना?"

नाही. कित्येक तोंडं अशीच तुटतात. जास्त आवळलं की क्लिपचे दात रबरात घुसतात, रबर कापलं जातं, खालचं प्लॅस्टिक चेपतं. नळी क्लिपच्या दोन्ही बाजूंना थोडी फुगून आली, हातानं पिळून फिरली नाही, की थांबायचं. गाडीसोबत आलेली स्प्रिंगची क्लिप धड असेल तर माझं मत तीच परत लावावी. ती रबर आकसलं की स्वतः आकसते, फुगलं की सैल होते. पेचाची क्लिप तुम्ही आवळाल तेवढीच राहते.

"हळद टाकली की बंद होतं"

होतं, हे खरं आहे. ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय आहे. हळदीची पूड भिजून फुगते आणि चिरेत जाऊन बसते. बाजारात मिळणारी गळती बंद करायची पूडही त्याच तत्त्वावर चालते. रात्री दहा वाजता शिरपूरच्या पुढे अडकलात, सोबत म्हातारी माणसं आहेत, तर हळद टाकून गाव गाठा, मी तुम्हाला अडवणार नाही. पण पूड फक्त चिरेतच जात नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या जाळीतही साचते. जोड बदलायचं साधं काम पुढे रेडिएटर उघडून साफ करण्यावर जातं. टाकलीच तर चार दिवसांत जोड दुरुस्त करून सगळं पाणी काढून, धुऊन घ्या.

"आमच्या वडिलांच्या जीपमध्ये साधं पाणीच असायचं"

असायचं, आणि चालायचं. त्या वेळचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. गळले की डाक लावून परत चालू व्हायचे. इंजिन बिडाचं. आज रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या आहेत. ॲल्युमिनियमला साधं पाणी खातं, कुलंटमधली औषधं त्याला वाचवतात.

शिवाय आपलं पाणी. खानदेशात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि तो काढायला ॲसिड सोडावं लागतं, हे केळीवाल्यांना सांगायला नको. तेच पाणी रेडिएटरमध्ये तापलं की तोच थर आतल्या नळ्यांत धरतो, आणि या नळ्या ड्रिपरसारख्या एक-एक काढून साफ करता येत नाहीत. मी तीन महिने हेच केलं होतं. म्हणून मिश्रणाला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीच वापरा. आरओच्या पाण्यातले क्षार कमी होतात, पूर्ण जात नाहीत. अडल्या वेळी ते चालेल, भरण्यासाठी नको.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला" असंही विचारतात. गोठू न देणं हा त्याचा एक गुण झाला, आपल्याला उकळू न देण्याचा आणि गंज रोखण्याचा गुण हवा आहे. मात्र नुसतं कुलंट भरू नका. उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस आहे, त्यामुळे निम्मं-निम्मंच बरं. आणि रंगावरून प्रकार ठरत नाही. एका कंपनीचं हिरवं दुसऱ्या कंपनीच्या हिरव्यासारखं असेलच असं नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं वापरा.

थर्मोस्टॅट काढून टाका असा सल्ला आपल्याकडे उन्हाळ्यात सर्रास देतात. तो घेऊ नका. बऱ्याच इंजिनांत ती झडपच गरम पाण्याचा आडमार्ग बंद करते. झडप काढली की काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. गळती तर आहे तिथेच राहते.

भरताना हवा काढा

जोड नीट बसला तरी आत हवेचा फुगा राहिला तर गाडी परत गरम होते. हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून पाण्याची धार येईपर्यंत थांबा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा, पंखा एक-दोनदा फिरून थांबू द्या. गार झाल्यावर पातळी परत भरा. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी बघा, रबर बसलं की पेचाची क्लिप थोडी सैल पडते. रात्री जोडाखाली पुठ्ठा ठेवला तर एक थेंबही लपत नाही.

रस्त्यावर एक खूण लक्षात असू द्या. काटा चढत असतानाच हीटरमधून गार हवा यायला लागली, किंवा चढलेला काटा एकाएकी खाली पडला, तर गाडी निवली असं समजू नका. काटा दाखवणारा सेन्सर पाण्यात बुडलेला हवा. पाणीच संपलं की तो हवेचं माप दाखवतो. तिथल्या तिथे इंजिन बंद करा.

काढलेलं जुनं कुलंट घमेल्यात तसंच अंगणात ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी आहे, थोडंही पोटात गेलं तर मूत्रपिंड निकामी करू शकतं. मे महिन्यात आपल्याकडे कुत्री, मांजरं, शेळ्या दिसेल त्या पाण्याला तोंड लावतात, लहान लेकरांचंही तेच. लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात लिहा आणि गॅरेजमध्ये देऊन या. सांडलेल्या जागी माती टाकून ती उचला, मग भरपूर पाण्यानं धुवा आणि धुतलेलं पाणी कुठे साचून राहिलं नाही ना, तेही बघा.